वाचकांचे प्रश्न : बचत गट, हिशोबाची वही आणि बाईचे शिक्षण

नाशिक जिल्ह्यातून बचत गटांविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यातली, चांदवडची, सिन्नरची आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगराळ भागातली ही पत्रे निरनिराळ्या अडचणी मांडतात. तरी त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. पैसे बायका भरतात, सह्या किंवा अंगठेही त्यांचेच असतात, पण कागदावर काय लिहिले आहे ते मात्र दुसरेच कुणी वाचते. म्हणून हिशोबाविषयीच्या पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

आमचा गट बारा जणींचा आहे आणि त्याला आठ वर्षे झाली. महिन्याला प्रत्येकी १०० रुपये बचत असते. दहावी झालेल्या एकट्या सचिवताईच असल्यामुळे पहिल्यापासून हिशोब त्याच लिहितात. आता त्या मुलाकडे नाशिकला राहायला जाणार आहेत. मी गटातून दोनदा दहा-दहा हजार रुपये घेतले आणि दहा-दहा महिन्यांत फेडले. व्याज जरा जास्तच गेले असे वाटते, पण त्यांनी गटासाठी एवढे केले आहे की विचारायला जीभ उचलत नाही. काय करावे? — एक सदस्य, ता. दिंडोरी

ताई, तुमचा संकोच मी समजू शकते, पण तो बाजूला ठेवा. हिशोब विचारणे म्हणजे कुणावर संशय घेणे नव्हे. गट स्थापन होताना तुम्हाला जी पंचसूत्री शिकवली गेली असेल, तिच्यात नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज आणि नियमित परतफेड यांच्या जोडीला नियमित हिशोब लेखन हे पाचवे सूत्र आहे. पहिली चारही सूत्रे तुम्ही आठ वर्षे निष्ठेने पाळलीत. पाचवे मात्र एकटीच्या खांद्यावर टाकून दिलेत. त्यात सचिवताईंवरही अन्याय झाला, कारण इतकी वर्षे सगळा भार त्यांनी एकटीने वाहिला.

आधी तुमच्या व्याजाचे पाहू. आपल्याकडे बहुतेक गटांत अंतर्गत कर्जाचा दर महिन्याला शेकडा दोन रुपये असतो. तुमचाही तोच आहे असे धरू. १०,००० रुपये घेतले आणि दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल फेडले, तर पहिल्या महिन्याचे व्याज २०० रुपये होते. दुसऱ्या महिन्यात तुमच्याकडे ९,००० रुपयेच राहिलेले असल्यामुळे ते १८० होते, तिसऱ्या महिन्यात १६०, आणि असे उतरत उतरत शेवटच्या महिन्यात २० रुपये येते. दहा महिन्यांची बेरीज १,१०० रुपये भरते. हेच व्याज दर महिन्याला मूळच्या १०,००० वर धरले, तर दर वेळी २०० रुपये जातात आणि बेरीज २,००० होते. दर दोन्हीकडे शेकडा दोनच राहतो, पण तुमच्या पदरचे ९०० रुपये जास्त जातात. तुमच्या पासबुकातला व्याजाचा आकडा दर महिन्याला कमी होत गेला आहे की तेवढाच राहिला आहे, एवढे पाहिले तरी उत्तर मिळेल.

आकडा तेवढाच राहिलेला दिसला, तरी लगेच फसवणूक झाली असे समजू नका. मूळ रकमेवर व्याज घ्यायचे असे गटानेच एखाद्या बैठकीत ठरवलेले असू शकते आणि इतिवृत्ताच्या वहीत तसा ठराव सापडू शकतो. शिवाय तुम्ही भरलेले व्याज गटाच्याच निधीत पडलेले असते आणि त्या निधीत तुमचाही बारावा वाटा असतो. तरीसुद्धा माझे मत स्पष्ट आहे की व्याज शिल्लक मुद्दलावरच घ्यावे. तसे न केल्यास, गरजेपोटी वारंवार कर्ज घेणारी बाई न घेणारीपेक्षा जास्त भार उचलत राहते, आणि गटातली सर्वांत अडलेली बाई बहुधा तीच असते.

आता पूर्ण गटाचा हिशोब. बारा जणींचे १०० रुपये म्हणजे महिन्याला १,२०० रुपये, आणि आठ वर्षांच्या ९६ महिन्यांचे १,१५,२०० रुपये. ही झाली निव्वळ बचत. तिच्यात आजवर जमा झालेले व्याज आणि दंड मिळवा, फिरता निधी (गटाला सुरुवातीला कर्जवाटपासाठी मिळणारी रक्कम) मिळाला असेल तर तोही धरा, आणि झालेला खर्च वजा करा. जी रक्कम येईल, तेवढीच रक्कम तीन ठिकाणी मिळून दिसली पाहिजे : बँकेतली शिल्लक, हातातली रोकड आणि सदस्यांकडून येणे असलेले कर्ज. गटाने बँकेचे कर्ज घेतले असेल, तर त्यातली फेडायची राहिलेली रक्कम बचतीच्या बाजूला मिळवावी लागेल. दोन्ही बाजू जुळल्या तर हिशोब नीट आहे. जुळल्या नाहीत तर कोणत्या महिन्यापासून फरक पडू लागला ते रोजकीर्दीवरून, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाच्या वहीवरून, शोधता येते. सचिवताई गावात आहेत तोवरच एक पूर्ण बैठक या कामासाठी ठेवा आणि शक्य झाल्यास ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाच्या, लेखापालालाही बोलवा. बँकेचे पासबुक आदल्या दिवशीच भरून आणा.

गटाच्या बँक खात्यावरची सचिवताईंची सही बदलण्यासाठी बैठकीत ठराव करावा लागतो. नव्या पदाधिकाऱ्याच्या ओळखपत्रांसह त्याची प्रत बँकेत द्यावी लागते. आता दुसरी एखादी शिकलेली सून शोधून सगळी दप्तरे तिच्या हवाली करू नका, कारण मग आठ वर्षांनी हेच पत्र पुन्हा लिहावे लागेल. निदान दोघी मिळून लिहायला शिका आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी त्या दिवसाची नोंद मोठ्याने वाचून दाखवायचा नियम करा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी संपूर्ण बाराखडीची वाट पाहण्याची गरज नाही. सदस्याच्या पासबुकात तारीख, बचत, कर्ज, व्याज, परतफेड आणि शिल्लक हे मोजके शब्द पुन्हा पुन्हा येतात. हे सहा शब्द, आपले नाव आणि शून्य ते नऊ अंक ओळखता आले की बाई आपले पान स्वतः वाचू शकते. स्वतःच्या पैशाचा मजकूर असल्यामुळे तो लवकर लक्षात राहतो आणि पुढची अक्षरे शिकायची उमेदही त्यातूनच येते.

आठवीत असताना माझी शाळा सुटली आणि पुढे लग्न झाले. आता मी २६ वर्षांची आहे. गटाच्या कामासाठी गावोगाव जाणारी कार्यकर्ती व्हायची माझी इच्छा आहे, पण दहावी झालेली असली तर बरे असे सांगतात. या वयात दहावी करता येईल का? माझ्या सासूबाईंना अजिबात लिहिता-वाचता येत नाही आणि त्यांनाही शिकायचे आहे. — एक वाचक, ता. पेठ

येईल, आणि त्यासाठी तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि कागदपत्रे जवळच्या ठरवून दिलेल्या शाळेत द्यायची असतात. शाळा सोडल्याचा दाखला सर्वांत महत्त्वाचा. तो हरवला असेल तर जुन्या शाळेतून दुसरी प्रत मिळते. दाखल्यावर तुमचे माहेरचे नाव असेल, म्हणून अर्जही त्याच नावाने भरा. नाव बदलल्याचा पुरावा पुढे लागेल तेव्हा जोडता येतो. अनेक बायका एवढ्या एका कारणावरून अर्जाच्या खिडकीपासून माघारी फिरतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेची. तिथे किमान पाच विषय निवडायचे असतात. एकदा प्रवेश घेतला की तो पाच वर्षे चालतो आणि तेवढ्या काळात जमेल तसे एकेक दोन-दोन विषय सोडवता येतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, साधारण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तुमच्या भागासाठी हा मुद्दा मोठा आहे. राज्य मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि नेमक्या त्याच दिवसांत पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबे द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरलेली असतात. परीक्षेसाठी मजुरीचे दिवस बुडवणे तुमच्या घराला परवडणारे नसेल, तर मुक्त विद्यालयाची वाट जास्त सोयीची ठरेल. घरी राहणे शक्य असेल, तर १७ नंबरचा फॉर्म भरा, कारण त्याची पुस्तके गावात सहज मिळतात आणि अडलेले शिकवायला शाळेतले शिक्षकही असतात.

मुक्त विद्यालयात गणित न घेताही उत्तीर्ण होता येते. पण तुम्हाला गटाचे काम करायचे आहे, म्हणून गणित सोडू नका, असा माझा आग्रह आहे. टक्केवारी आणि सरळव्याज तुम्हाला रोज लागणार आहे. बारावी झाल्यावर पदवीसाठी आपल्याच जिल्ह्यात, गंगापूर धरणाच्या परिसरात, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे. अभ्यासकेंद्रांमार्फत घरून शिकण्याची सोय तिथे आहे.

सासूबाईंसाठी ‘उल्लास’ या नावाने चालणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. पंधरा वर्षांवरील कुणीही त्यात शिकू शकते, वयाला वरची मर्यादा नाही. शिकवणारे स्वयंसेवक गावातलेच असतात, त्यामुळे स्वयंसेवक म्हणून तुम्ही स्वतःचेच नाव नोंदवून सासूबाईंना शिकवू शकता. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० अशी एकूण १५० गुणांची चाचणी होते आणि प्रमाणपत्र मिळते. चौकशी जिल्हा परिषदेच्या शाळेत करा. फुले दांपत्याने १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी आणि कामकरी लोकांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसभर राबून संध्याकाळी पाटी हाती घेणाऱ्या माणसांची आपल्याकडची परंपरा तितकी जुनी आहे, आणि तुम्ही दोघी तिच्यातल्याच आहात. दिवसाकाठी एक तास ठरवून घ्या आणि तो वेळ स्वयंपाकाच्या आधीचा ठेवा. जेवणे आटोपल्यावर म्हटले की डोळे मिटू लागतात आणि अभ्यास उद्यावर जातो.

आमच्या वस्तीवर दर आठवड्याला फायनान्सचा माणूस वसुलीला येतो. याला सगळे बचत गटच म्हणतात, पण बचत काहीच नाही. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना भरावा लागतो. हप्ता पुरा होईपर्यंत तो माणूस रात्री आठ-आठ वाजेपर्यंत ओट्यावर बसून राहतो. माझ्या नावावर अशा तीन ठिकाणची कर्जे आहेत. यातून कसे सुटावे? — एक वाचक, ता. निफाड

ताई, हा बचत गट नाही. हा खासगी वित्तसंस्थेने वसुलीच्या सोयीसाठी केलेला संयुक्त जबाबदारीचा गट आहे. बचत गटात पैसा आधी तुमचा असतो, व्याज तुमच्याच निधीत जमा होते आणि कुणाला किती द्यायचे ते बैठक ठरवते. फायनान्सच्या गटात पैसा कंपनीचा, नियम कंपनीचे आणि व्याजही कंपनीचे. तुमच्या वाट्याला फक्त एकमेकींची जामीनकी येते. अशी कर्जे बेकायदा नाहीत, आणि बँकेने दारात उभे केले नाही तेव्हा अनेकींना त्यांचाच आधार मिळाला, हेही मान्य केले पाहिजे. पण त्यांचा दर बहुधा वार्षिक वीस टक्क्यांच्या वर असतो, आणि एक हप्ता भरायला दुसरे कर्ज काढायची वेळ आली की ते चक्र थांबत नाही.

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये अशा सूक्ष्मकर्जांसाठी नियम घालून दिले आणि ते त्याच वर्षीच्या एप्रिलपासून लागू आहेत. घरातल्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. कर्जाची माहिती देणारे कार्ड तुम्हाला कळेल अशा भाषेत मिळाले पाहिजे. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड आकारता येत नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी तगादा लावता येत नाही. धमकी, शिवीगाळ किंवा नातेवाईक-शेजाऱ्यांना त्रास देणे यालाही मनाई आहे. तेव्हा रात्री आठपर्यंत ओट्यावर बसणे नियमात बसत नाही. त्या माणसाशी हुज्जत घालण्यापेक्षा कर्जाच्या कार्डावर दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, तिची प्रत जपून ठेवा, आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

सुटकेचा मार्ग लांबचा आहे, पण आहे. तिन्ही कर्जांची शिल्लक, दर आणि उरलेले हप्ते एका कागदावर लिहून काढा आणि चौथे कर्ज घेऊ नका. गावात उमेद अभियानाचा (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा) किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाचा गट असेल तर त्यात जा. नसेल तर दहा-बारा जणी मिळून नवा सुरू करा. बचत खाते उघडताना सर्व सदस्यांची कागदपत्रे मागितली जात असतील, तर पदाधिकाऱ्यांची पुरेशी आहेत हा रिझर्व्ह बँकेचा नियम शाखेत दाखवता येतो. सहा महिने पंचसूत्री नीट पाळली की गटाची प्रतवारी होते आणि पहिल्या वेळी गटाच्या निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख रुपये, यांपैकी जे जास्त असेल तेवढे बँककर्ज मिळू शकते. तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला महिला गटांसाठी ७ टक्के व्याजदर ठरलेला आहे. दहा लाखांपर्यंत तारण मागता येत नाही आणि गटाची बचतही अडकवून ठेवता येत नाही. हे पैसे जुनी महागडी कर्जे फेडायलाही वापरता येतात. पण सगळ्यांत महाग कर्ज आधी फेडायचे, आणि ते फिटल्याचा दाखला घेतल्याशिवाय पुढचे हाती घ्यायचे नाही.

माझी पत्नी गटात आहे. तिच्या नावावर ५०,००० रुपये काढून मी कांद्याला घातले. भाव पडला. आता हप्ते ती दुसऱ्याच्या शेतात मजुरी करून भरते. परवा ती म्हणाली, ‘कर्ज माझ्या नावावर आणि शेत तुमच्या नावावर, हे कसे?’ तिचे म्हणणे बरोबर आहे का? — एक शेतकरी, ता. चांदवड

भाऊ, तिचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते तुम्ही दडवून न ठेवता आम्हाला लिहून कळवलेत याचा मला आदर वाटतो.

भाव पडणे तुमच्या हातात नव्हते. पण शेतातला तोटा आज मजुरीच्या रूपाने तिच्या अंगावर आला आहे, आणि भाव चढला असता तर नफा ज्याच्या नावावर सातबारा त्याच्याकडेच गेला असता. कर्ज तिच्या नावे आणि मालमत्ता तुमच्या नावे, ही वाटणी गावोगाव चालते. गटांची परतफेड चोख आहे म्हणून आपण कौतुक करतो, तेव्हा त्या परतफेडीमागे किती बायकांची अशी मजुरी आहे हे आपण पाहत नाही.

तुमच्या तालुक्याला या प्रश्नाचा मोठा वारसा आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी महिलांचे अधिवेशन चांदवडलाच भरले होते आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून बायका तिथे आल्या होत्या. त्यानंतरच्या वर्षांत शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या पुढाकाराने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम झाला आणि शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही हिस्सा स्वखुशीने पत्नीच्या नावावर केला. तुमच्या वडीलधाऱ्यांपैकी कुणाला त्या दिवसांची आठवण असेल, तर जरूर विचारा.

तुम्हाला आज काय करता येईल? उरलेले हप्ते शेताच्या उत्पन्नातून भरायला लागा. तिची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात जाऊ द्या. पुढच्या वेळी तिच्या नावावर कर्ज काढायचे असेल तर ते कशासाठी, परतफेड कशातून आणि पीक बुडाले तर काय, हे गटाच्या बैठकीत तिला मांडू द्या, तुम्ही नव्हे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराला तुमच्या बरोबरीने तिचे नाव लावून घ्या. तो अर्ज ग्रामपंचायतीत करायचा असतो. जमिनीसाठी बक्षीसपत्राचा मार्ग आहे आणि पती-पत्नीमधल्या शेतजमिनीच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्कात मोठी सवलत मिळते. दुय्यम निबंधक कार्यालयात चौकशी करून मग तलाठ्याकडे फेरफार नोंदवून घ्या.

लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये खात्यात येतात. मग गटात महिन्याला १०० रुपये भरायची गरज काय, असे आमच्यातल्या काही जणी म्हणतात. — गट अध्यक्ष, ता. कळवण

शासनाचे मानधन कोणत्या निकषावर कधी सुरू राहील आणि कधी बंद होईल, हे तुमच्या बैठकीत ठरत नाही. गटाची बचत मात्र तुमच्याच निर्णयाने वाढते आणि तिच्या सहापट कर्ज बँकेकडून मागता येते. मानधन सुरू आहे तोवर उलट बचत १०० वरून २०० करण्याचा विचार करा. पण ज्यांना मानधन मिळत नाही त्यांना ते झेपेल का, हे आधी विचारा. गट सगळ्यात कमी झेपणाऱ्या बाईच्या चालीने चालला पाहिजे.

आम्ही नागलीचे पापड आणि लाडू करतो. नाशिकच्या प्रदर्शनात माल संपतो, पण वर्षअखेरीला हातात काही उरत नाही. — एक गट, ता. सुरगाणा

बहुतेक गट किंमत ठरवताना नागली, तेल, पिशवी आणि एस.टी.चे भाडे धरतात, पण स्वतःची मजुरी धरत नाहीत. पापड लाटायला बसलेल्या प्रत्येक बाईचे तास वहीत लिहा आणि गावात शेतमजुरीचा जो दर चालतो त्या दराने ते खर्चात मिळवा. घरची नागली वापरली तरी तिचा बाजारभाव धरा. असे केल्यावर एखादा पदार्थ तोट्यात आहे असे दिसेल, तेव्हा तो बंद करायला कचरू नका. अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. छोट्या उत्पादकांना पूर्ण परवान्याची गरज नसते, साधी नोंदणी पुरते. ती असली की प्रदर्शनापलीकडे दुकानदारही माल ठेवायला तयार होतो.

आमच्या गटातल्या एका सदस्याची मुलगी १६ वर्षांची आहे. दहावीचा निकाल लागायचा आहे आणि घरात लग्नाची बोलणी चालली आहेत. मुलीला शिकायचे आहे. कॉलेज बारा किलोमीटरवर आहे. आईचे घरात काही चालत नाही. गट यात पडू शकतो का? — एक सदस्य, ता. सिन्नर

गटाने यात पडलेच पाहिजे, आणि बोलणी पक्की व्हायच्या आत. उमेदच्या दशसूत्रीत पंचसूत्रीच्या पुढे आरोग्य आणि शिक्षण ही सूत्रे जोडली आहेत ती अशाच प्रसंगांसाठी आहेत. बैठकीत नुसती म्हणायची नाहीत.

सुरुवात कायद्याच्या धाकाने करू नका. गटातल्या दोन वयस्क बायकांनी वडिलांना आणि आजीला भेटावे आणि घाईचे खरे कारण काढून घ्यावे. बहुतेक घरांत तीन कारणे सापडतात : वाटेची भीती, कॉलेजचा खर्च आणि ‘स्थळ चांगले आहे, हातचे जाईल’ ही धास्ती. पहिल्या दोन्हींना तुमच्याकडे उत्तर आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो. त्याच वाटेने जाणाऱ्या इतर मुली शोधून त्यांची सोबत जुळवून द्या, आणि कॉलेजच्या वेळेला गाडी नसेल तर ग्रामसभेत ठराव घेऊन आगाराकडे मागणी करा. खर्चासाठी गटाने आईच्या नावे कमी व्याजाचे शिक्षणकर्ज द्यावे. पुढे मुलगी व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेली तर, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्ण माफ आहे, हेही वडिलांना सांगा. ‘पुढचा खर्च कोण करणार’ हा प्रश्न त्यांच्या मनात आत्तापासूनच असतो.

एवढे करूनही तारीख ठरलीच, तर मग कायद्याचा आधार घ्यावा लागेल. अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न लावणे हा २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि लग्न लावून देणारे व त्यात सामील होणारेही त्यात येतात. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाची जबाबदारी असते. त्यांना लेखी कळवा, किंवा १०९८ या क्रमांकावर फोन करा. कळवणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते. तक्रार आईच्या नावाने करू नका. तिला त्याच घरात राहायचे आहे, म्हणून ती जबाबदारी गटाने आपल्याकडे घ्यावी.

मुलीशी वेगळे बोला. लग्न लांबवायचे आहे की अजिबात नको आहे, कला शाखा हवी की नर्सिंग की आणखी काही, हे तिच्या तोंडून ऐका. निकाल लागला की अकरावीच्या अर्जाला मोजकेच दिवस मिळतात. तिचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधार कार्ड आत्ताच एका पिशवीत काढून ठेवा, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला या आठवड्यातच अर्ज करा, आणि प्रवेशाच्या दिवशी आईबरोबर गटातल्या आणखी दोघींनी कॉलेजात जायचे असे पुढच्या बैठकीत नावानिशी ठरवून घ्या.